मटेरियल दहा, घर एक : व्हिला माइरेआचा अभ्यास

नव्या फ्लॅटच्या कामाची पहिली बैठक बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते. "सगळं एकाच शेडमध्ये घेऊ या, म्हणजे घर एकसारखं दिसेल." मग लॅमिनेटचा कॅटलॉग उघडतो, अक्रोडाची एक छटा ठरते आणि टीव्हीच्या भिंतीपासून देवघराच्या दारापर्यंत तीच चिकटते. सहा महिन्यांनी त्याच घरी चहाला गेलं की घरातल्या ताई म्हणतात, छान झालंय सगळं, पण अजून आपलं वाटत नाही. याच्या उलट घरंही पाहिली आहेत. हॉलला संगमरवर, जेवणघराला लाकडी दिसणाऱ्या टाइल, बेडरूमला वॉलपेपर, पॅसेजला दगडी क्लॅडिंग. प्रत्येक वस्तू चांगली, निवडून आणलेली, आणि तरी एका खोलीतून दुसरीत जाताना शेजाऱ्यांच्या घरात शिरल्यासारखं होतं.

एकच मटेरियल सगळीकडे लावून घर एक होत नाही, आणि दहा मटेरियल आणली म्हणून ते विस्कटतंच असंही नाही. हे मला ज्या घराने शिकवलं ते फिनलंडच्या पश्चिम भागात, पोरी शहराजवळच्या नोर्मार्क्कू गावी, पाइनच्या जंगलात उभं आहे. नाव व्हिला माइरेआ. अल्वार आणि आयनो आल्टो या वास्तुकार दांपत्याने ते १९३८-३९ मध्ये बांधलं. स्टील, काँक्रीट, वीट, चुना, दगड, भाजलेल्या टाइल, पाइन, बीच, बर्च, साग ही चार लाकडं, वेत, काच हे सगळं एकाच घरात. कागदावर ही यादी वाचली तर कोणीही हात जोडेल. आणि हेच घर विसाव्या शतकातल्या सर्वांत एकजीव घरांपैकी एक मानलं जातं.

घर कोणाचं, मागणी काय

माइरे गुलिक्सन या आल्स्ट्रॉम घराण्यातल्या. लाकूड आणि कागदाचा हा मोठा उद्योग त्यांच्या आजोबांनी, आन्टी आल्स्ट्रॉम यांनी उभा केलेला. माइरेंचे पती हॅरी त्या कंपनीचे प्रमुख. नोर्मार्क्कूच्या वसाहतीत आजोबांनी आपलं घर बांधलं होतं, वडिलांनी आपलं. आता तिसऱ्या पिढीची पाळी होती.

माइरेंनी चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं आणि त्या चित्रं जमवत. १९३५ मध्ये आल्टो दांपत्य, माइरे आणि निल्स-गुस्ताव हाल या चौघांनी मिळून आर्टेक ही फर्निचरची कंपनी काढली. म्हणजे मालक आणि वास्तुकार एकमेकांना चांगले ओळखत होते, एकत्र धंदा करत होते. घर उन्हाळ्यात राहण्यासाठी, पाहुण्यांसाठी आणि चित्रांसाठी हवं होतं. गुलिक्सन दांपत्याने आल्टोंना सांगून टाकलं होतं की हे घर प्रयोग म्हणून करा, फसलं तर तुम्हाला बोल लावणार नाही. असा ग्राहक मिळणं हे भाग्य, पण त्याचं ओझंही असतं. मनासारखं करायची मोकळीक मिळाली की आपलंच मन किती गोंधळलेलं आहे ते कळतं.

आल्टोंचंही तसंच झालं. पहिले आराखडे १९३७ च्या अखेरचे, जुन्या शेतघराच्या वळणाचे. मग १९३८ च्या सुरुवातीला अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचं धबधब्यावरचं घर, फॉलिंगवॉटर, जगभर गाजलं आणि आल्टो त्याच्या प्रेमात पडले. घर ओढ्यावरच बांधू या असा आग्रहही त्यांनी धरून पाहिला. ते बारगळलं. त्यानंतर जो आराखडा ठरला त्यात पुरुषांची बैठक, बायकांची बैठक, वाचनाची खोली, संगीताची खोली, फुलांची खोली, टेबल टेनिसची खोली, चित्रांचं दालन अशी मोठी रांग होती. पायाचं कामही सुरू झालं. आणि तेव्हा, काम सुरू असताना, आल्टोंनी आराखडा बदलला.

ज्यांनी साइटवर काम केलं आहे त्यांच्या पोटात हे वाचून गोळा येईल. पण या प्रकरणातला खरा निर्णय इथेच झाला. आल्टोंनी त्या सगळ्या बैठकीच्या खोल्या पुसून टाकल्या आणि तळमजल्यावर जवळपास चौरस आकाराची एकच प्रशस्त जागा ठेवली. चित्रांचं वेगळं दालन गेलं. चित्रं ठेवायची सरकती कपाटंच आडोशासारखी त्याच जागेत आली. वाचन, गप्पा, पियानो, शेकोटी, फुलं, सगळं एका छताखाली. भिंती गेल्या. आणि भिंतींचं काम मटेरियलवर येऊन पडलं.

मला या घराबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. इथे मटेरियल सजावटीसाठी बदलत नाही. जिथे पूर्वी भिंत किंवा दार असतं, जिथे माणसाची हालचाल, बसणं, स्पर्श बदलतो, तिथे ते बदलतं. आपण मात्र भिंती बांधून मोकळे होतो आणि मग भिंतीवर काय लावायचं ते ठरवतो.

खांब

या मोठ्या जागेचं छत स्टीलच्या गोल खांबांवर आहे. त्या काळच्या आधुनिक घरात खांब म्हणजे शिस्त. ठरावीक अंतरावर, एका मापाचे, एका रंगाचे. माइरेआत खांब काळे रंगवलेले आहेत, पण काही एकेकटे उभे आहेत, काही जोडीने, एका ठिकाणी तिघं एकत्र. काहींना वेत गुंडाळला आहे, काहींना बर्चच्या पट्ट्या लावल्या आहेत. वाचनाच्या कोपऱ्यातला एक तर स्टीलचा नाहीच, काँक्रीटचा आहे. खांबांना ठेका बसू नये यासाठी आल्टोंनी मुद्दाम कष्ट घेतले.

वेत कसा गुंडाळला आहे ते जवळून पाहण्यासारखं आहे. खांब वरपासून खालपर्यंत झाकलेला नाही. मधल्या भागावर, जिथे जाता-येता हात लागतो, खांदा टेकतो, तिथे वेताचे वेढे आहेत. वर आणि खाली काळं स्टील उघडं राहतं. छत कोण पेलतंय ते लपवलेलं नाही आणि हाताला थंड लोखंडही लागत नाही. वेत आपल्या हाताला अनोळखी नाही. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत तो वाढतो, आजोबांच्या आरामखुर्चीत तो होता, सुपाच्या कडेला तो होता. खुर्ची विणणारा कारागीर वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवतो, ओल्या असतानाच ओढून गुंडाळतो. वाळल्या की त्या आवळतात आणि खिळ्याशिवाय घट्ट बसतात. म्हणून वेताचं बांधकाम बोटांना ताणलेलं लागतं, चिकटवलेलं लागत नाही. माझ्या दृष्टीने हा फरक सगळ्यात मोलाचा. बांधलेल्या वस्तूत बांधणाऱ्याचा जोर उरतो.

फिनलंडमध्ये वेत उगवत नाही. सागही नाही, आणि घराच्या बाहेरच्या अंगाला सागाच्या फळ्या आहेत. म्हणजे 'स्थानिक मटेरियल वापरा, घर आपोआप जुळून येतं' हा जो सल्ला हल्ली ऐकू येतो, तो या घराला लागू पडत नाही. या सगळ्यांना जोडणारा धागा वेगळा आहे. खिडकीबाहेर पाइनचं जंगल आहे. पाइनची खोडं खाली काळसर आणि वर गेल्यावर तांबूस-सोनेरी होतात, कुठे एकटी, कुठे दोन-तीन जवळजवळ, कधी रांगेत नाहीत. आतले खांब त्या खोडांची नक्कल करत नाहीत, पण त्यांच्या वागण्याचा नियम घेतात. काळं स्टील, सोनेरी वेत, फिकट बर्च हे तीन वेगळे पदार्थ एकाच उभ्या रेषेत येतात, आणि ती उभी रेष मग घरभर पसरते.

दारावरच्या छज्ज्याखाली ती आहे: तिथे लाकडाचे वासे एकत्र बांधून उभे केलेत. जिन्याशी आहे: वर जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांना जमिनीपासून छतापर्यंत लाकडाच्या गोल काठ्यांचं कुंपण आहे, काठ्यांमधलं अंतर कमी-जास्त. तिथे कठडा कुठे संपतो आणि खांब कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या माइरेंच्या चित्रशाळेला बाहेरून उभ्या लाकडी पट्ट्या आहेत. सहा-सात मटेरियल, पण रेघ एकच. डोळा त्या रेघेला धरून चालतो, म्हणून मटेरियल बदललं तरी वाट चुकत नाही.

जमीन, शेकोटी, छत

दारातून आत आलं की काही पायऱ्या चढून मोठ्या जागेत जायचं असतं, आणि समोर तिरक्या नजरेत शेकोटी दिसते. पायाखाली टाइल असते, मग लाकूड येतं, कुठे दगड. मध्ये उंबरठा नाही, भिंत नाही. तरी पायाला कळतं की आपण आलो, आता बसायच्या जागी पोचलो. फिनलंडमध्येही आपल्यासारखीच घरात जोडे काढायची रीत आहे. ज्या समाजात माणसं घरात अनवाणी किंवा मोज्यांवर चालतात, तिथे जमिनीचं मटेरियल बदलणं म्हणजे खोली बदलणं. स्वयंपाकघरातली गार शहाबादी आणि माजघरातली सारवलेली जमीन यांतला फरक ज्यांच्या तळव्यांनी अनुभवला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आम्ही हल्ली दारापासून बाल्कनीपर्यंत एकच मोठ्या मापाची टाइल टाकतो, सांधा दिसू नये म्हणून त्याच रंगाचं ग्राउट भरतो आणि त्याला सलगता म्हणतो. दिसायला सलग असतं, हे खरं. पण पायाला पाच खोल्यांत काहीच सांगितलं जात नाही.

शेकोटी पांढऱ्या गिलाव्याची, जाड, भारदस्त, आणि खिडकीकडच्या बाजूला तिचा कोपरा कापून आत घेतलेला आहे, वाऱ्याने बर्फाचा ढीग खाल्ल्यासारखा. एवढ्या सगळ्या उभ्या, सडपातळ रेघांमध्ये हा एकच जड ऐवज आहे. घरात एक तरी गोष्ट अशी लागते जिच्याभोवती बाकीची गोळा होतील. इथे आगीने ते काम केलं आहे. जेवणघराच्या बाजूला, बाहेरच्या पडवीतही शेकोटी आहे, ती मात्र ओबडधोबड दगडाची. आतली गुळगुळीत आणि पांढरी, बाहेरची खडबडीत. काम तेच, जागा वेगळी, म्हणून हात वेगळा.

छत पाइनच्या अरुंद पट्ट्यांचं आहे आणि घराला मोकळी हवाही याच छतातून मिळते. जमीन बदलत राहते, खांब बदलत राहतात, पण डोक्यावर त्या पट्ट्या एका दिशेने सरळ जात राहतात. माझ्या मते हीच या जागेची मधली गाठ आहे. खाली कितीही वेगळेपणा केला तरी वर एक गोष्ट न बदलता ठेवली आहे. भिंती पांढऱ्या आहेत. रंग म्हणाल तर लाकडाचे पिवळे-तांबूस, स्टीलचा काळा, गिलाव्याचा पांढरा, टाइलचा मातकट. बारा मटेरियल आहेत पण रंगांचे गट चारच. नव्या माणसाला हे सांगायला मला आवडतं: मटेरियल मोजण्याआधी रंग मोजा.

यातलं बरंचसं काम आयनो आल्टो यांचं आहे. आतल्या सजावटीचा, फर्निचरचा, फुलांच्या जागेचा मोठा भाग त्यांनी पाहिला. वास्तुकाराचं एकट्याचं नाव घेण्याची सवय या क्षेत्रात इतकी मुरली आहे की हे वेगळं सांगावं लागतं.

हे आलं कुठून

आल्टोंच्या मनात हा विचार माइरेआच्या आधीपासून घोळत होता. फिनलंडमधल्याच पाइमियोच्या क्षयरोग रुग्णालयाचं काम, जे १९३३ मध्ये पूर्ण झालं, त्यात त्यांनी दिवसभर पलंगावर पडून राहणाऱ्या माणसाच्या बाजूने खोलीचा विचार केला. तेव्हा वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्यांची चलती होती. आल्टोंचं म्हणणं असं की अशी खुर्ची रचनेच्या दृष्टीने बरोबर असली तरी अंगाला गार लागते, डोळ्यांवर चमकते, आवाज परतवते. म्हणजे ती अर्धवटच बरोबर आहे. म्हणून त्यांनी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची केली. माइरेआतला वेत गुंडाळलेला खांब मला त्या खुर्चीचा धाकटा भाऊ वाटतो. ताकद स्टीलची, स्पर्श झाडाचा.

आपल्या वाड्यांतही असाच एक नियम होता आणि तो कोणी पुस्तकात वाचून पाळत नव्हतं. जोतं दगडाचं, कारण पावसाचं पाणी तिथे आपटतं. वर विटा किंवा पांढऱ्या मातीची भिंत. खांब, तुळया, कडीपाट लाकडाचे. अंगण फरसबंद, माजघर सारवलेलं. पाच-सहा मटेरियल, आणि प्रत्येकाच्या जागेला कारण. फरक एवढाच की वाड्यात खांबांची शिस्त कडक होती. दोन खांबांमधला खण हेच घर मोजायचं माप होतं. 'तीन खणी माजघर' म्हटलं की आकार डोळ्यांसमोर यायचा. त्या ठरलेल्या मापाने वाडा बांधून ठेवला होता. आल्टोंनी माप मोडलं, म्हणून त्यांना रेघ आणि छत धरावं लागलं. काहीतरी एक धरावंच लागतं.

आता प्रत्येक फ्लॅटच्या कामात, मटेरियलचे नमुने टेबलावर मांडण्याआधी, मी घरातल्या माणसांना एक दिवस नेहमीसारखं वावरायला सांगते आणि मागे मागे फिरते. हात कुठे टेकतो, चहा घेऊन कुठे थांबतात, मुलं जमिनीवर कुठे बसतात, आजी उठताना काय धरते. एका घरी आजी उठताना प्रत्येक वेळी पॅसेजच्या कोपऱ्याची कड धरत. नकाशात तिथे काहीच नव्हतं. आम्ही तो कोपरा गोल केला आणि हात लागेल एवढ्या उंचीवर सागाची पट्टी बसवली. नंतर जेवणघरात आणि हॉलमध्ये त्याच उंचीवर तीच पट्टी पुढे नेली. घरातली बाकीची सगळी मटेरियल त्या एका पट्टीशी जुळवून घेत गेली, आणि आम्हाला 'थीम' ठरवावी लागली नाही.

जिथे हिशेब चुकला

माइरेआत सगळं जमलं असं मात्र नाही, आणि मला तो भाग सगळ्यांत जास्त उपयोगी वाटतो. हॅरी गुलिक्सन यांना कामाच्या बोलण्यांसाठी वेगळी जागा हवी होती. आल्टोंनी मोठ्या जागेच्या एका कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटांनीच ती वेगळी केली. कपाटं छतापर्यंत न नेलेली, हलवता येतील अशी, म्हणजे जागा पुन्हा मोकळी करता यावी. कल्पना देखणी होती. पण आवाज कपाटावरून सहज पलीकडे जातो. कंपनीच्या प्रमुखाचं बोलणं शेकोटीपाशी बसलेल्या पाहुण्यांना ऐकू येऊन कसं चालेल?

भिंतीचं काम मटेरियलवर सोपवायचं ठरवलं की हा धोका असतोच. नजर अडवता येते, पाऊल थांबवता येतं, हाताला वेगळेपण देता येतं. आवाज मात्र फट पाहतो. वेत, टाइल, छतावरची सरळ रेघ यांतलं काहीच आवाज थोपवू शकत नाही. ओपन किचनच्या प्रेमात पडलेल्या प्रत्येक घरात कुकरची शिट्टी आणि टीव्हीवरच्या बातम्या यांचं भांडण ऐकताना मला हॅरी आठवतात.

शेवटी ती कपाटं कायमची जागच्या जागी पक्की करावी लागली. पण वरची फट बुजवताना आल्टोंनी भिंत वर नेली नाही. कपाटांच्या माथ्यापासून छतापर्यंत त्यांनी काचेची नागमोडी पट्टी बसवली. आवाज अडला. पाइनच्या पट्ट्यांचं छत मात्र बाहेरून आत तसंच अखंड जाताना दिसत राहिलं. संध्याकाळी आत दिवा लागला की त्या वळणदार काचेतून उजेड बाहेरच्या छतावर सांडतो, आणि मोठ्या जागेत बसलेल्याला झाडांच्या मागे कोणीतरी जागं आहे असं वाटतं.